शेरा : शांत बाळ

“बघा, हूं की चूं केलं नाही पोरीनं!” आजी कौतुकानं म्हणाली. “फार गुणाची आहे. घरातसुद्धा आवाज नसतो हिचा.”

‘शहाणी गं माझी ती’ हे शब्द टोचणीबाईंच्या ओठांवर आलेच होते. टोचणीबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. बावीस वर्षं दवाखान्यात लस टोचणाऱ्या सिस्टरना दुसरं कोणतं नाव मिळणार? पाच वर्षांच्या डोसाची तारीख टाकायला त्यांनी मुलीचं कार्ड उघडलं. दीड महिना, अडीच, साडेतीन, मग दीड वर्ष. चारही वेळा शेऱ्याच्या रकान्यात एकच गोष्ट होती : शांत बाळ. अक्षर त्यांचंच.

“शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी दिलीय,” आजीनं पिशवी चाचपली. “म्हणे वर्षभरात एक शब्द बोलली नाही.”

“आणि हिची आई?”

“ती काय, पडून असते. बाळंतपणापासून तशीच.”

टोचणीबाईंना ती आठवली. भिंतीकडे बघत बसलेली, दुसऱ्याचं गाठोडं सांभाळावं तसं बाळ मांडीवर धरलेली. तेव्हाही बाहेर ही मोठी रांग होती. आपण तिला म्हणालो होतो, “नशीबवान आहात हो, रडकं नाही तुमचं.” बाईंना स्वतःचाच असा संताप आला की हातातलं पेन त्यांनी टेबलावर आपटलं.

त्या तडक डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

“वजन बरोबर, उंची बरोबर,” डॉक्टर कार्ड बघून म्हणाले. “मग अडलं कुठे?”

“ती बोलत नाही. सुई टोचली तरी रडत नाही. आणि आई पाच वर्षं नुसती पडून असते, काय होतंय ते तिला कुणी विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही.”

“सिस्टर, बाहेर चाळीस माणसं बसलीत. आणि हे मी कोणत्या रकान्यात भरू? मुलांच्या मनाचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. आठ महिन्यांनंतरची तारीख मिळेल.”

“आठ महिने? ताप असता तर आठ महिने थांबवलं असतंत?”

डॉक्टरांनी डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता, पार पिचून गेला होता. त्यांनी तारीख लिहून दिली.

बाई चिठ्ठी घेऊन परतल्या. “उद्या सुनेला घेऊन या,” त्या आजीला म्हणाल्या. “औषध नाही, सुई नाही. माझ्याजवळ नुसती बसू दे.”

“ती कसली येतेय!”

“नाही आली तर मी येते घरी.”

मग त्या मुलीसमोर खाली फरशीवर बसल्या. असं त्या कधीच बसल्या नव्हत्या.

“दुखलं ना गं? दुखलं की रडायचं. मी मुळीच रागावणार नाही.”

मुलीनं बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आपलं काहीतरी चुकलं असावं, असं तिला वाटलं असणार. तिनं दुसरी बाही नीट दुमडून वर केली आणि तो हातही पुढे धरला.

बाईंनी ती बाही हळूच खाली ओढली. दारातून कुणीतरी ओरडलं, “सिस्टर, पुढचा नंबर?” त्या तशाच फरशीवर बसून राहिल्या.