छप्पन्नात सात किती वेळा

घट्ट मिटलेले ओठ.

खिडकीत वाळत टाकलेलं फळ्याचं फडकं.

कागदावर छप्पन्न रेघा, काही खोडलेल्या.

"ताई, माझ्या बाकावर तुझी जागा धरून ठेवलीय गं!"

हे सगळं एकाच दुपारचं. शाळा सुटली होती. बाईंनी भिंगरीला थांबवून घेतलं होतं. आज भागाकार जमला नाही, तर उद्यापासून ती खालच्या वर्गात, धाकट्या बहिणीशेजारी. ती धाकटी दारात उभी राहून दात काढत होती.

"छप्पन्न भागिले सात," बाई म्हणाल्या.

भिंगरी सात-सात रेघा खोडायला लागली. धाकटी शिंकली. मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून.

"अगं, सातचा पाढा येत नाही का तुला?"

"येतो की! घडाघडा. उलटासुद्धा."

"मग घोडं अडतं कुठे?"

भिंगरी खोडलेल्या रेघाच पुन्हा गिरवू लागली.

"बोल बाळ, मी काही खात नाही तुला."

"भागाकारात पाढे म्हणायचे नसतात ना, बाई. ती चोरी."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. चाचणीत मी पुटपुटत होते, तर म्हणालात, ओठ मिट. आणि ओठ हलवल्याशिवाय मला पाढा येतच नाही."

बाई मुलांच्या बाकावर बसल्या. गुडघे हनुवटीशी आले.

"उघड ते ओठ. म्हण सातचा. छप्पन्न आले की थांब."

"मोठ्यानं?"

"भिंती हलू देत."

सात एके सात. सात दुणे चौदा. भिंगरी सुसाट सुटली. सात सक बेचाळीस, साती साती एकोणपन्नास, सात अठ्ठे छप्पन्न, सात न... करकचून थांबली.

"छप्पन्नच्या आधी काय म्हणालीस?"

"अठ्ठे." तिचे डोळे मोठे झाले. मग चक्क राग आला. "आठ? एवढंच? मग मी उगाच रेघा मारत बसले!"

"त्रेसष्ट भागिले नऊ?"

"नऊचा पाढा कशाला? सातच्यातच आहे, सात नवे त्रेसष्ट. सात!"

"मग माझ्या बाकावरची जागा?" धाकटी हिरमुसली.

"दप्तर ठेव तुझं तिथं!"

बाईंनी वाळलेलं फडकं घेतलं. फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहिलेलं 'गणिताला ओठ बंद' पुसून टाकलं.

ते लिहिलं, त्या दिवशी बाईंचं डोकं दुखत होतं.