बेचाळिसावा चिमटा

मी एक जुना चिमटा आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, शस्त्रक्रियागृहातला. रक्तवाहिनी पकडायची आणि गप्प बसायचे, हे माझे काम. मित्रांनो, पकडून गप्प बसणारे जगात पुष्कळ असतात. कोणाच्या उपयोगी पडणारे थोडे.

आम्ही एका ट्रेमध्ये बेचाळीस भावंडे. रोज वाफेचे स्नान, मग काम. बारा वर्षे माझी पकड कधी सुटली नाही. डॉक्टर म्हणायचे, "हाच द्या." मला त्याचा थोडा गर्वही झाला होता.

एके सकाळी एक शिंपीकाका टेबलावर आले. स्वादुपिंडाच्या डोक्यात कर्करोगाची गाठ. पित्ताची वाट अडल्याने काका हळदीसारखे पिवळे झाले होते. भूल देण्याआधी ते सिस्टरना म्हणाले, "बाई, एका नवरदेवाच्या पँटमध्ये माझी टाचणी राहिली होती. बिचारा दिवसभर उभा! माझ्यात काही विसरू नका हं."

डॉक्टरांनी आधी बारीक छिद्रातून दुर्बीण घालून पाहिले. रोग पसरला नव्हता. मग पोट उघडले. गाठीसकट स्वादुपिंडाचे डोके, आतड्याची सुरुवात आणि पित्ताशय काढले. उरलेले सारे आतड्याला पुन्हा जोडले. सहा तास लागले. त्या गडबडीत मला कोणीतरी बाजूला टेकवले आणि मी घसरलो, तो थेट यकृतामागे. जागा उबदार होती. खोटे कशाला बोलू, बरे वाटले.

शिवण्यापूर्वी सिस्टरनी मोजले. "सर, एक्केचाळीस. एक चिमटा कमी आहे."

"अहो, खाली पडला असेल. पुन्हा मोजा."

"दोनदा मोजले. खालीही पाहिलं."

"मग काय, मी पोटात ठेवला?"

"तसं मी कुठं म्हटलं, सर? पण पोट उघडं आहे, तोवर बघून घ्या."

डॉक्टर रागाने लाल झाले. हात आत गेला. मी बाहेर आलो. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "सिस्टर, थँक्यू."

दोन वर्षांनी काका तपासणीला आले, तेव्हा सिस्टरना भेटायला आमच्या दारापर्यंत आले. पँट स्वतःच कमरेत आवळून घेतलेली, पण माणूस ठणठणीत! त्यांना पाहून मला सिस्टरचे पाय धरावेसे वाटले. पण मी पाय धरले असते, तर त्या किंचाळल्या असत्या.

आता माझी पकड सैल झाली आहे. सिस्टरनी मला भिंतीवर टांगले आहे. मोजणीचा कागद मी धरतो. ज्याच्यामुळे मोजणी चुकली, त्यालाच पहारेकरी नेमले! मित्रांनो, कोणी "एक कमी आहे" म्हटले, तर रागावू नका. पुन्हा मोजा.