आलटून पालटून

गुरुवारच्या चर्चासत्रात फळ्यावरून हाकलल्या गेलेल्या माणसाला पुन्हा कधी खडू मिळत नसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मॉस्कोबाहेरच्या त्या संस्थेत ते सगळ्यांना पाठ होतं. आज फळ्यापाशी झोया क्लिमोवा उभी होती. विभागात जागा एकच होती. ती झोयाला मिळणार होती, नाहीतर इग्नात वेलिच्कोला. ज्याची संधी हुकेल त्याचा इथे राहण्याचा सरकारी परवाना जूनमध्ये संपणार होता. झोयाची हुकली तर तिला सिझ्रानला परत जाऊन शाळेतल्या पोरांना तरफ आणि कप्पी शिकवावी लागली असती.

इग्नात तिसऱ्या रांगेत बसला होता. झोया आज काय चुकणार आहे हे त्याला ठाऊक होतं. ती चूक त्यानेच तिला दिली होती.

दुपारी कॅन्टीनमध्ये ती काशाची लापशी नुसती चिवडत बसली होती. "इग्नात, शेवटचं एकच सांग. एका वळणानंतर कुठलंही वळण येऊ शकतं ना?"

"का नाही येणार?" घास चावतच तो म्हणाला होता.

तेव्हा त्याच्या डोक्यात त्याचं स्वतःचं गणित चालू होतं: पन्हळी पत्र्यावर टाकलेली लांब दोरी. पन्हळीला लागून पन्हळी. दोरी एकदा वळून उजवीकडच्या पन्हळीत गेली की आणखी उजवीकडे जाऊ शकते, नाहीतर मागे येऊ शकते. झोयाच्या गणितात मात्र अशा पन्हळी, म्हणजे दऱ्या, दोनच होत्या. दोरी डाव्या दरीतून उजव्या दरीत गेली की पुढचं वळण परतीचंच. दुसरी वाटच नाही. उष्णतेमुळे दोरीला अशी वळणं किती पडतात, एवढाच तिचा प्रश्न होता. प्रत्येक वळणाला दोन पर्याय धरले की उत्तर दुप्पट येणार.

हे त्याच्या लक्षात आलं ते जेवून वर येताना, जिन्यावर. तेव्हा सत्राला अजून अवकाश होता.

"थांबा," सत्रात विभागप्रमुख व्हेनियामिन आर्काद्येविच म्हणाले. ते पहिल्या रांगेत डोळे मिटून बसत, आणि ते झोपलेत असं समजण्याची चूक लोक एकदाच करत. "हा दोन कुठून आला?"

"प्रत्येक वळण दोन प्रकारचं असू शकतं, म्हणून—"

"कुठून आला विचारतोय, बाईसाहेब. बाजारातून आणलात?"

लोक हसले. इग्नातही हसला.

"कुणाला दिसतंय का काही? की सगळेच जेवून सुस्तावलेत?"

आपण बोललो नाही तर दुसरा कुणीतरी बोलेल, असं इग्नातने स्वतःला सांगितलं आणि हात वर केला. "वळणं आलटून पालटूनच येणार. दऱ्या दोनच आहेत. उत्तर निम्मं हवं."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "शाब्बास, वेलिच्को. क्लिमोवा, सिझ्रानमध्ये दोनपर्यंत मोजायला शिकवतात का? नसतील शिकवत, तर त्यांना तुमची गरज आहे."

झोयाने इग्नातकडे पाहिलं. 'तूच सांगितलंस,' असं ती आता म्हणेल, असं त्याला वाटलं. ती म्हणाली नाही. त्या फळ्यापाशी दुसऱ्याकडे बोट दाखवणं चुकण्यापेक्षा वाईट समजलं जाई.

"व्हेनियामिन आर्काद्येविच, निम्मं केलं की बाकीचं सगळं बरोबर उतरतं," झोया म्हणाली.

"उतरतंच. म्हणून तर वेलिच्को ते लिहून काढतील. सोमवारपर्यंत. फळा पुसा."

तिने फळा पुसला. फडकं कोरडं होतं, त्यामुळे नुसताच पांढरा फराटा उमटत राहिला. ओलं फडकं द्यायला कुणी उठलं नाही. पुढच्या वक्त्याने घड्याळात पाहिलं.

सत्र संपल्यावर व्हरांड्यात तिने त्याला गाठलं. "जेवताना माहीत होतं तुला?"

"नाही. शपथ. नंतर सुचलं."

"नंतर म्हणजे?"

"जिन्यावर."

"जिन्यावर मी तुझ्या पुढेच होते," झोया म्हणाली. "माझी पिशवी तुझ्या हातात होती."

ती अजूनही त्याच्याच हातात होती. तिच्या गणिताचे सगळे कागद आत होते आणि सोमवारपर्यंत ते त्याला लागणार होते. त्याने कागद काढून काखेत धरले आणि रिकामी पिशवी तिला दिली.