चौथ्या चाकाचा माग

लोणंदच्या बाळासोंचा शेवरलेट ट्रक धोंडखिंडीच्या पहिल्याच वळणावर आडवा होऊन बसला. खाली जमलेल्या निम्म्या गावाला हसू फुटलं आणि शालूचा जीव जरा हलका झाला. तीन गाड्या आल्या होत्या, आता दोनच उरल्या. त्यातली एक तिच्या नवऱ्याची होती.

"बाळासो, ऱ्हाऊ द्या आता तिथंच," खालून कुणी तरी ओरडलं. "खिंडीला दार झालं."

"म्हशीला शिडीवरनं माडीवर न्यायला निघालाय गडी," दुसरा म्हणाला.

ट्रक ताकदीचा होता, पण लांबीला फार. त्या वळणावर तीनदा मागंपुढं करावं लागे, आणि तिसऱ्या खेपेला त्याची मागची चाकं मुरमात आसापर्यंत रुतली. बाळासो घाम पुसत खाली उतरले आणि विडी पेटवून गंमत बघायला लोकांत येऊन बसले.

लढाई संपून सवा वर्ष झालं होतं. ब्रह्मदेशातून, इटलीतून पोरं घरी परतली होती आणि त्यांच्या मागोमाग पुण्याच्या लिलावातून लष्कराच्या गाड्या गावोगाव आल्या. चारी चाकांनी ओढणाऱ्या. चारच वर्षांमागं, बेचाळीसच्या चळवळीत, पोलिसांच्या गाडीचा आवाज ऐकला की कुंडलच्या अंगाची तरणी पोरं उसात शिरायची. आता तीच पोरं बॉनेट उघडून आत मुंडकी घालत होती.

खिंडीवरच्या माळाची जमीन नानासोंची. तिथून पलीकडं आटपाडीच्या बाजाराला माल न्यायचा तर बैलगाड्यांना दोन दिवसांचा वळसा. नानासोंनी बोलून दाखवलं होतं : जी गाडी खिंड चढेल ती मी घेणार, तिच्या डायवरासकट. शिवाय कुंडलच्या रस्त्यावर दोन खोल्या राहायला.

त्या दोन खोल्या शालूनं बघून ठेवल्या होत्या. एकीला आतून कडी होती. लग्नाला चार वर्षं झाली, पण जावेच्या हाताखाली, दिराच्या ताटानंतर जेवताना तिला कधी आतून कडी लावायला मिळाली नव्हती. विलिंग्डन कॉलेजात दोन वर्षं काढलेल्या मुलीनं कडीची स्वप्नं बघावीत, याचं तिला कधी हसू येई, कधी येत नसे.

तिच्या नवऱ्याची, लालासाहेबाची, जीप होती. पीरमहंमदची डॉज, लष्करात तिला वेपन म्हणत. दोघं एकाच पलटणीतले डायवर, मिसरच्या लढाईपासून एका ताटात जेवलेले. लिलावालाही संगतीनंच गेले होते.

सकाळी दोन्ही गाड्या एकेकदा मोकळ्या चढल्या होत्या. वेपन रुंद, बुटकी, वजनदार. ओढ्याच्या वाळूत ती बसली, पण तिच्या नाकाशी तारेच्या दोराचा रहाट होता. पीरमहंमदनं दोर बाभळीला बांधला आणि गाडीनं स्वतःलाच ओढून काढलं. पुढं चढावर ती नांगराच्या बैलासारखी, मान खाली घालून, न थांबता गेली. जीपचं सगळं निराळं. वाळूवरनं ती रुतायच्या आधीच पार झाली, वळण एका झटक्यात घेतलं आणि दगडांवरनं शेरडासारखी उड्या मारत निम्म्या वेळात वर. नानासो तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले होते, तेव्हाच लालासाहेबाची छाती दोन बोटं फुगली होती.

शालू मात्र गाड्या बघत नव्हती. खिंडीतल्या देवाला जाऊन येते म्हणून ती अडीच वर्षांच्या अर्जुनाला कडेवर घेऊन पायी वर गेली होती. वरच्या अंगाला जिथं वाट तिरक्या खडकावरनं जाते आणि उजवीकडं दरी आहे, तिथं ती थांबली. खडकावर धुळीचा थर होता. त्या धुळीत जीपच्या तीन चाकांचे माग स्पष्ट होते. चौथ्याचा, डोंगराकडच्या मागल्या चाकाचा, दोन हात नव्हता. तेवढं अंतर ते चाक हवेत होतं.

वेपनची चारी चाकं घट्ट टेकली होती. पण तिच्या दरीकडच्या चाकाचा माग अगदी कडेवरनं गेला होता. एका जागी मागाची अर्धीच रुंदी उरली होती. उरलेली अर्धी मातीसकट खाली गेली होती. तेही शालूनं बघितलं.

खाली आल्यावर तिनं नवऱ्याला बाजूला घेतलं.

"अहो, तिरक्या खडकावर तुमचं मागचं चाक उचललं होतं."

"उचलणारच. हलकी गाडी हाय." तो फडक्यानं काच पुसत होता. "एक उचाललं तरी पुढची दोन ओढत्यात. त्यासाठीच तर चारी चाकं चालत्यात. कॉलेजात हे शिकवलं न्हाई व्हय?"

"कलंडली तर?"

"इटलीत ह्याच्या दुप्पट चढलोय, बर्फातनं." मग तिच्या तोंडाकडं बघून जरा मऊ झाला. "खोल्या पायजेत का न्हाईत तुला?"

तिनं अर्जुनाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

दुपार कलायला नानासो उठले. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, फेटा बांधूनच जन्मल्यासारखा. म्हणाले, "दोन्ही गाड्या चांगल्या. जीप चलाख हाय, माझं मन तिच्यावर हाय. पर गावाची रीत सोडायची न्हाई."

रीत सगळ्यांना ठाऊक होती. गावात नवी बैलगाडी झाली की सुतार आधी आपलं पोर तिच्यात बसवायचा आणि ओढा पार करून आणायचा. पोर हसत आलं तर गाडी मालकाच्या दारी, रडत आलं तर परत सुतारमेटावर, दुरुस्तीला.

"आवं, ती बैलगाडीची रीत," बाळासो म्हणाले.

"हिला काय पंख हायती? चाकंच हायती की." नानासो लालासाहेबाकडं वळले. "बसीव रं तुझा पोरगा. तुझं पोर बसंल तिथं माझी माणसं बसतील."

लालासाहेब हसत आला आणि त्यानं हात पुढं केले. अर्जुनानंही केले; त्याला त्या गाडीचा सकाळपासून ध्यास होता. जीपचं स्टेरिंग डाव्या अंगाला. बसणारा उजवीकडं, दरीवर.

शालूनं पोर सोडलं नाही.

"दे की," तो हळू म्हणाला. "माणसं बघायलीत."

"मी द्यायची नाही."

"अगं, मी चालवतोय. दुसरा कुणी न्हाई, मी."

त्याचा शब्द खरा होता. त्याच्यासारखा हात सातारा-सांगलीत नसेल, हे तिलाही कबूल होतं. पण तिला ते दोन हात लांबीचं कोरं अंतर दिसत होतं, ज्यात धूळ हललीसुद्धा नव्हती. तिनं पदर सारखा केला आणि चारचौघांत, सासऱ्याच्या वयाच्या माणसाकडं बघून बोलली.

"नानासाहेब, वर तिरक्या खडकावर हिचं चौथं चाक टेकत नाही. मी माग बघून आले आहे. वाटलं तर माणूस पाठवा."

कुणी हललं नाही. नवऱ्याच्या कामात बाईनं भर गावात खोट काढली, हे त्या गावानं अजून बघितलं नव्हतं. लालासाहेबाचे हात तसेच पुढं राहिले, मग त्यानं ते खाली घेतले आणि विजारीला पुसले.

नानासोंनी माणूस पाठवला नाही. "सूनबाई शिकल्याली हाय," ते म्हणाले. "घरच्याच माणसाचा इस्वास न्हाई तिथं आमी कशाला ठेवायचा? पीरमहंमद, तुझं काय?"

पीरमहंमदनं लालासाहेबाकडं बघितलं. लालासाहेब बघत नव्हता. मग त्यानं आपल्या जरिनाला उचललं. पाच वर्षांची पोर, डोळ्यात सुरमा, दोन्ही हातांत चिंचा. तिला त्यानं दरीकडच्या बाजूला बसवलं. तिची आई, परवीन, बाभळीखाली उभी होती. तिनं ओढणीचं टोक दातांत धरलं.

शालूच्या जिभेवर आलं होतं. कडेनं नका नेऊ, डोंगराला घासून न्या, माती सुटली आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण आता हेही बोललं तर लोक म्हणतील, नवऱ्याची गाडी पाडली, आता दुसऱ्याचीही पाडायला निघाली. शिवाय अर्जुना तिच्या कडेवर होता, गरम, जड, चिडून तिच्या वेणीला ओढणारा. तिनं त्याला घट्ट धरलं आणि तोंड मिटलं.

वेपन चढली. वाळू, वळण, दगड. तिरक्या खडकाच्या कडेला आली तेव्हा खालच्यांना फक्त धूळ दिसली. त्या धुळीतून दगडमातीचा एक लोट दरीत गेला आणि त्याचा आवाज मागाहून आला. परवीन खाली बसली. इंजीन घुसमटलं, थांबलं असं वाटलं, मग पुन्हा धरलं. गाडी माथ्यावर दिसली तेव्हा लोकांनी फेटे उडवले. पीरमहंमद परत तिथून आलाच नाही; लांबचा वळसा घेऊन सांज व्हायला खाली पोचला. जरिना हसत होती. चिंचा संपल्या होत्या. नानासोंनी दिलेला विडा मात्र पीरमहंमदच्या हातून दोनदा खाली पडला.

तोवर जीपही वर गेली होती. कुणी सांगितलं नव्हतं. लालासाहेबानं एकट्यानं नेली, पांगलेल्या, पाठ फिरवलेल्या लोकांतून. शालू बघत राहिली. जीप तिरक्या खडकावरनं पाणी ओतावं तशी गेली, माथ्यावर एकदा वळली आणि त्याच वाटेनं खाली आली. तो तिच्याजवळ थांबला नाही. "चढली," एवढं म्हणाला, तेही समोरच्या काचेला.

घरी निघताना परवीननं ओढ्यापाशी शालूला गाठलं. दोघी एका वयाच्या. मागल्या उन्हाळ्यात अर्जुनाला गोवर आला तेव्हा परवीनच रात्रंदिवस बसली होती.

"वैनी," ती म्हणाली, "तुमी वर जाऊन सगळं बघून आलावता न्हवं?"

"हो."

"आमच्या गाडीचा माग बी बघितला असंल की."

शालूला खोटं सुचलं होतं, चांगलं, पटण्यासारखं. पण परवीन उत्तराला थांबलीच नाही. जरिनाला कडेवर घेतलं आणि पुढं झाली, एवढी मोठी पोर, चालता येत असताना.

कुंडलच्या दोन खोल्यांत पीरमहंमदचं बिऱ्हाड आठवड्यात गेलं. जीप लालासाहेबानं विकली नाही. तिच्यातून तो भावाच्या शेतावरचं खत वाहू लागला. घरात त्यानं शालूला एक उणा शब्द ऐकवला नाही. जाऊ मात्र भाकरी थापता थापता म्हणायची, "माझा धनी अडाणी, मी अडाणी, बरं हाय बया."

रोज सकाळी जीप सुरू झाली की अर्जुना अंगणात धावायचा, दोन्ही हात वर करून तिच्यापाशी उभा राहायचा. "बाबा, मला."

लालासाहेब त्याच्याकडं बघायचा. पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा, क्षणभरच.

"आईला इचार," म्हणायचा, आणि जायचा.