पाचापैकी पाच

माझी जीभ पैल्यापास्नं तिखट. गोविंदाचा बाप म्हनायचा, बाये, तुझ्याशी भांडायचं तर आदी जेवून घ्यावं लागतं. अशी मी, कुनापुढं न वाकनारी, आन् माझ्याच हातानं नातीचं वाटोळं केलं. कसं ते सांगते.

कोमल माझ्या गोविंदाची पोरगी. जन्मापास्नं तिला ऐकू येत न्हाई. आमाला हे दोन वर्सं कळलंच न्हाई. हाक मारली तर बगायची न्हाई, आमी म्हनायचो, आज्जीवर गेलीया, हट्टी हाय. मग बहिऱ्या पोरांसाठी काम करनाऱ्या एका संस्थेची अनिता वाडीवर आली. वराळ्याची पोरगी, तवा पंचविशीची आसंल. तिनं कोमलच्या पाठीमागं जाऊन ताट वाजवलं. एकदा, दोनदा, तीनदा. पोरगी आपली मातीत रेघा वढत बसली. अनिता माझ्याकडं बगून म्हनाली, "मावशी, ही हट्टी नाही."

संस्थेला मदत यायची बाहेरच्या देशातनं. त्यांनी कोमलच्या दोनी कानांना ऐकायची मशीन दिली. पन पोराचा कान वाढतो, आन् मशीनचा जो मऊ साचा कानात बसतो तो ढिला पडतो. मग मशीन नुसती शिट्टी मारतं, ऐकू कायबी येत न्हाई. म्हनून चार-सा महिन्यांनी नवा साचा लागतो. अनिता कानात लगदा भरून माप घ्यायची, पुन्याला न्यायची आन् साचा करून आनायची. दर गुरवारी वाडीवर यायची आन् मला शिकवायची. बबिता आन् गोविंदा, कोमलची आई-बा, खंडाळ्याला बंगल्यांवर कामाला जायची, म्हनून शिकायचं ते मीच शिकले. पोरीच्या तोंडापुढं बसायचं, वरडायचं न्हाई, नीट बोलायचं. पानी दाखवलं की पानी म्हनायचं, शंभर येळा म्हनायचं.

"पाच वर्षांच्या आत जेवढं कानात जाईल, तेवढंच जिभेवर येईल," अनिता सांगायची.

चार वर्सांची झाली तवा कोमल पैल्यांदा "आदी" म्हनाली. आज्जी म्हनायचं हुतं तिला. मी चुलीपुढं बसून रडले. तव्यावरची भाकर करपली, पन त्या दिवशी कुनी काई बोललं न्हाई.

त्याच उन्हाळ्यात संस्थेचे सुहास साहेब आले. म्हनाले, तुमची क्षमता बांधणी झाली का ते बगायला मदत देनाऱ्या देशातनं पाहुनी येनार हाय. बांधणी म्हनल्यावर गोविंदानं इचारलं, काय बांधताय, बंधारा का समाजमंदिर? साहेब हसले, म्हनाले, तुमचं तुमाला चालवता येतं का, ते बगायचं.

पाहुनी आली. गोरी, उंच. बाई मनानं चांगली हुती, खोटं कशाला बोलू. चटईवर मांडी घालून बसली, आमच्यासंगं कोरा चा प्याली. सुहास साहेब तिचं बोलनं मराठीत सांगायचे. त्यांनी जमिनीवर खडूनं घरं आखली आन् मधी चिंचोक्यांचा ढीग ठेवला. एकेका कामाला एक घर. तुमचं तुमाला जेवढं जमतं तेवढे चिंचोके ठेवायचे, एक ते पाच. मशीनची निगा, एक घर. पोराला बोलाय शिकवनं, एक घर. आन् शेवटचं घर, संस्था नसली तरी आमचं आमी चालवू शकतो.

मशीनचं काम मलाच ठावं, म्हनून वाडीतल्या समद्या बाया माझ्याकडं बगाय लागल्या. मी अनिताकडं बगितलं. ती कडंला उभी राहून नखं खात हुती. मी मनात म्हनलं, ही परीक्षा आमची न्हाई, ह्या पोरीची हाय. पोरं पास तर मास्तर पास. आमी दोन ठेवले तर गोरी बाई इचारनार, हिनं दोन वर्सं शिकवलं तरी काय? आन् दारात आलेल्या पाव्हन्यापुढं आपलं उनं कोन काडतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी पाच ठेवले. माझं बगून समद्यांनी पाच ठेवले. शेवटच्या घरात बी पाच.

दीड महिन्यानं अनिता आली. हातात पेढ्यांचा पुडा आन् डोळे सुजलेले.

"मावशी, तुमची वाडी पास झाली," ती म्हनाली. "आता संस्था दुसऱ्या तालुक्यात जाणार."

"आन् तू?"

"माझी नेमणूक ह्या वाडीपुरतीच होती."

मला कळंचना. शाळेत पोराचा पैला नंबर आला तर पोराला वरच्या वर्गात घालत्यात, मास्तराला घरी धाडत न्हाईत. मी म्हनलं, "अगं, तुझं नाव व्हावं म्हनून दिले मी पाच." ती माझ्या गळ्यात पडून रडली. करायला गेले गनपती आन् झाला मारुती.

पावसाळा सरता सरता साचा ढिला झाला. मशीन कुईकुई करायचं, कोमल ते वढून टाकायची. मला समदं येत हुतं. सेल बदलायचा, नळी पुसायची, पोरीला बोलतं करायचं. साचा तेवढा करता येत न्हवता. गोविंदानं कामावर खाडा करून पुन्याच्या सरकारी दवाखान्याच्या खेपा घातल्या. एकदा कागद कमी पडला, एकदा डॉक्टर रजेवर, तिसऱ्यांदा तारीख मिळाली ती चार महिन्यांनंतरची. अनिता तळेगावला कंपनीत लागलीती. ती बिचारी सुट्टीच्या दिवशी येऊन माप घेऊन गेली, पन संस्थेच्या चिठ्ठीबिगर पुन्यातल्या साचा करनाऱ्यांनी ते घेतलं न्हाई.

मी रोज तोंडापुढं बसून आज्जी, आज्जी म्हनायची. सुरवातीला "आदी" यायचं. मग नुसता "आ" यायला लागला. दिवाळीनंतर तोंड उघडायचं आन् आवाजच न्हाई. फेब्रुवारीत तिला पाच वर्सं पुरी व्हनार हुती. मी दिवस मोजायची, दुसरं काय करनार.

जानेवारीत सुहास साहेबांचा फोन आला. लोनावळ्याला हाटेलात मोठं शिबिर हाय, लांबलांबच्या संस्था येनार, त्या गोऱ्या मॅडम बी येनार. तुमच्या वाडीची गोष्ट तुमी सांगायची, नातीला घेऊन या.

बबितानं कोमलच्या दोन वेण्या घातल्या. माझ्याकडं न बगताच म्हनाली, "आत्या, आता तरी गोड बोलू नका."

"न्हाई बोलत," मी म्हनलं.

हॉल गारेगार. समद्यांच्या गळ्यात नावाचे पट्टे, दोनेकशे मानसं आसतील. कोमलला पुढच्या खुर्चीवर बसवलं आन् माझ्या हातात माईक दिला. मी माईक तोंडापाशी धरला आन् बोलले.

"मी त्या दिवशी खोटं बोलले. पाच ठेवले, खरे दोन बी न्हवते. अनिता हुती म्हनून आमाला येत हुतं. माझी नात बोलाय लागलीती, आता ती मुकी व्हाय लागलीया. मला काई नको. अनिताला परत धाडा, न्हाईतर कानाचा साचा तरी द्या. अजून एक महिना हाय."

सुहास साहेबांचा रंग उडाला. पन मानूस खोटा न्हाई, त्यानं माझं समदं तिच्या भाषेत सांगितलं, कारन ऐकता ऐकता त्या बाईचे डोळे भरले. ती उठून आली, माझा हात धरला आन् लय येळ बोलली. साहेब खाली बगत मराठीत सांगाय लागले.

"मॅडम म्हणतात, संस्था वाडीवर आली तेव्हा ह्या आजी चारचौघांत बोलत नव्हत्या. आज त्या एवढ्या लोकांपुढं, न घाबरता, आमची चूक आम्हाला सांगताहेत. हीच खरी क्षमता."

मी कवा तोंड मिटून बसलेवते? "आन् साचा?" मी इचारलं.

"तो प्रकल्प बंद झाला, मावशी. मॅडम अहवालात लिहितील."

तवर हॉलातली समदी मानसं उभी राहिली आन् टाळ्या वाजवाय लागली. थांबायचं नावच घेईनात. मी कोमलकडं बगितलं. तिला त्यातलं कायबी ऐकू येत न्हवतं. तिला नुसते हात हालताना दिसले, म्हनून ती बी खुर्चीवर उभी राहिली आन् माझ्याकडं बगून हसत हसत टाळ्या वाजवाय लागली.