तारेऐवजी सायरन

चार वाजता सगळ्या शिवाराला करंटची तार लावायचं ठरणार होतं, आणि दुपार होत आली तरी माझा सायरन काही तयार होत न्हवता.

तार लावायचा हट्ट हनुमंततात्यांचा. आमच्या हिर्डोशी गावात त्यांचा शब्द खाली पडत न्हाई. भातं लोंब्यांवर आलेली, रानडुकरं रोज कुणाचं तरी वावर लोळवून जातात, माणूस चिडणारच. पण गेल्या साली असल्याच तारेला माझी धोंडाबाई काकी चिकटली. पहाटं गवताला गेली होती, अंधारात हात लागला आणि पार लांब फेकली गेली. जीव वाचला, पण उजव्या हाताची मूठ अजून मिटत न्हाई. तवापासून ती एकटी शेतात पाऊल टाकत न्हाई.

म्हणून म्या सायरन केला. बांधात पुरलेला सेन्सर जमिनीचा हादरा ओळखतो, भोंगा वाजतो, दिवा लागतो, डुक्कर पळतं. पहिल्या चाचणीला मात्र तो कोंबडी गेली तरी बोंबलला. गाव वैतागलं. तात्यांनी तोंडावर सांगितलं, आज चारला नीट चालवून दाखव, न्हाईतर उद्यापासून तार.

आता हलका हादरा सोडून द्यायला प्रोग्राममध्ये नवा भाग घालायचा होता. माझी कॉलेजातली मैत्रीण नबीला सकाळच्या एसटीनं भोरवरनं मदतीला आली, स्वतःचा लॅपटॉप घेऊन. बरं झालं आली. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मुख्य फाईल बदलून झाली, सेन्सरची फाईल तेवढी राहिली, आणि लाईट गेली. आमची लाईट अशीच, नेमकी कामाच्या वक्ताला जाणार. सगळं काम पेनड्राईव्हवर होतं. तो नबीलाच्या लॅपटॉपला लावला, सेन्सरच्या फाईलमध्ये त्या नव्या भागाचं फंक्शन लिहिलं आणि बिल्ड केलं, म्हणजे सगळ्या फायली जोडून चालता प्रोग्राम करायला लावलं.

एरर. म्हणे, हे फंक्शन कुठं सापडत न्हाई.

अरे मेल्या, समोर लिहिलंय की! नाव अक्षर न् अक्षर तपासलं. फाईल दहादा सेव्ह केली. फंक्शन पुसून परत लिहिलं. पुन्हा तेच, सापडत न्हाई. माझं डोकं असं फिरलं की लॅपटॉप नबीलाचा नसता तर सरळ नीरा नदीत फेकला असता. मनात सारखी काकीची मूठ येत होती आणि रडू येत होतं, ते निराळंच.

नबीला माझ्यासारखी तापट न्हाई. तिनं मला बाजूला सारलं आणि एररच्या वरची सूचना वाचली. ती पहिल्यापासून येत होती, पण नुसती सूचनाच म्हणून मी तिच्याकडं ढुंकून बघितलं न्हवतं. काही फायलींची वेळ अजून यायचीय, असं काहीतरी होतं त्यात.

“रत्ना, किती वाजले गं?”

मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. “साडेबारा. म्हणजे पावणेबारा.”

“म्हणजे काय?”

तिला काय ठाऊक. आमच्याकडं एक एसटी चुकली की दिवस गेला, म्हणून घरातली झाडून सगळी घड्याळं पाऊण तास पुढं. आमी डोक्यात वजाबाकी करतो. माझ्या वडलांनी, आबांनी, कॉम्प्युटरचं घड्याळही तसंच लावलेलं.

आणि बोलता बोलताच म्या कपाळावर हात मारला. मूळ फाईल नवी दिसली तरच बिल्ड ती पुन्हा घेतं, न्हाईतर आधी तयार झालेलीच वापरतं. लाईट जायच्या जरा आधी एकदा बिल्ड केलं होतं, तवा घरच्या कॉम्प्युटरनं सेन्सरची तयार फाईल पाऊण तास पुढच्या वेळेची करून ठेवली होती. माझं आत्ताचं लिखाण लॅपटॉपला तिच्यापुढं जुनं वाटत होतं. त्यानं ते वाचलंच न्हवतं!

तयार फायली सगळ्या पुसल्या. पुन्हा बिल्ड केलं. एकही एरर न्हाई. मी एवढ्यानं ओरडले की आई चुलीपासून उठून आली. नबीला हसून हसून लोळायची बाकी राहिली.

चार वाजता गाव बांधावर जमलं. आधी कुत्रं सोडलं. ते सेन्सरवरून उड्या मारत गेलं, भोंगा गप्प. मग कोंबड्या. गप्प. तात्या म्हणाले, मुका करून आणलास व्हय, आणि स्वतःच तरातरा वावरात शिरले. भोंगा असा कडाडला, दिवा असा डोळ्यावर आला की तात्या धाडकन चिखलात बसले. हसण्यात कुणाचं कुणाला ऐकू येईना.

तात्या उठले, धोतर झटकलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाले की लई झ्याक, तार नको, हेच लावा. माणूस हट्टी खरा, पण खोटा न्हाई.

गर्दीच्या मागं काकी उभी होती. ती माझ्याजवळ आली.

“म्या गेले तर काय करंल ते?”

“वरडंल, काकी. नुसतं वरडंल.”

तिनं पदर खोचला आणि एकटी वावरात शिरली. सायरन बोंबलायला लागला, आणि काकी भाताच्या मधोमध उभी राहून मोठ्यांदा हसत होती.