जाडमधला ज

बसा, तेवढी खुर्ची डगमगते ती सांभाळा. आमच्या वहिनीच्या घेवड्याची गोष्ट सांगतो, मग कळेल माझं डोकं का फिरलंय ते.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. घराच्या मागं हातभर जागा, तिथं ती घेवडा लावते. बी विकतचं नाही. पहिल्या लागलेल्या भरदार शेंगांना लाल चिंधी बांधायची, म्हणजे त्यांना कुणी हात लावायचा नाही. वेलावरच वाळून खुळखुळायला लागल्या की बी काढून डब्यात. डब्यावर तिनं खिळ्यानं कोरलंय, जून. एवढंच.

ऐन थंडीत तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, एखादाच शब्द निघतो, तोही ओढूनताणून. अक्कल गेली नाही, हे ध्यानात ठेवा. पण येणारा-जाणारा पलंगाशी उभा राहून दादाला विचारणार, आता जेवतात का, माणसं ओळखतात का. अहो, पलंगावर माणूस आहे, वाळत घातलेले कपडे नाहीत.

थंडी ओसरली, बाहेर झाडांना पालवी फुटली, तशी वहिनी डाव्या हातानं फळीवरचा डबा दाखवायला लागली. दादानं डबा काढला, चष्मा लावला, वाचलं आणि परत फळीवर ठेवला. म्हणाला, जूनमध्ये लावायचंय, तिनंच लिहून ठेवलंय. वहिनीनं गादीवर हात आपटला. तर म्हणे, चिडचीड होणारच, डॉक्टरांनी सांगितलंय. लेक आली, तिनंही बापाचीच री ओढली. वर असंही ठरलं की जागा तोवर रिकामीच, तर जावयाची स्कूटर तिथं लावू. हे सगळं तिच्या उशाशी बसून.

मी त्या दिवशी त्यांचा गळका नळ बघायला गेलो होतो. म्हटलं, दादा, ही दरवर्षी थंडी ओसरली की घेवडा लावते, जूनमध्ये कधी लावलाय तिनं? दादा म्हणाला, तू नळ बघ. जन्मभर बस चालवली त्यानं. मागून घंटी वाजल्याशिवाय थांबायची सवयच नाही.

वहिनीच्या डोळ्यांना धार लागली होती. माझं टाळकं सटकलं. पाना टाकला, डबा काढला, तिच्या मांडीवर ठेवला आणि लेकीला म्हटलं, आता कुणी मध्ये बोलायचं नाही.

"वहिनी, हे काय लिहिलंय? सावकाश सांगा. मला घाई नाही."

तिनं तोंड वाकडं-तिकडं केलं. घाम फुटला बिचारीला. शेवटी निघालं, "जू... जून."

दादा लगेच म्हणाला, "घ्या. जून. मी काय सांगत होतो?"

"दादा, कान धुऊन ये. जीपमधला ज म्हणाली का जाडमधला?"

"म्हणजे?"

"महिना जीपमधल्या जनं म्हणतात. ही जाडमधला ज म्हणाली. वहिनी, परत एकदा."

ती परत म्हणाली. अगदी स्वच्छ. जाडमधला ज. भेंडी जून झाली म्हणतो ना आपण, तो. जून शेंगांचं बी, कोवळ्यांचं नव्हे. शिजवायला घेऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्या घरात डबे उघडून शिजवत सुटणारा माणूस एकच, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दादा डब्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "अगं, मग एवढे दिवस..." आणि तिथंच थांबला, कारण एवढे दिवस ती सांगतच होती.

त्या जागेत आणून लावलेली स्कूटर त्यानं स्वतः ढकलून बाहेर काढली. खुरपं शोधलं. वहिनीला खुर्चीत बसवून मागच्या दारात नेलं. बी किती खोल घालायचं ते तिनं बोटाच्या पेरावर दाखवलं, त्यानं तसं घातलं. एकदा जास्त खोल गेलं तर तिनं अशी मान हलवली की दादानं निमूट उकरून वर घेतलं.

आता कोंब वर आलेत. तुम्ही उद्या तिकडं भेटायला जाणार आहात ना? मग माझं एवढं ऐका. ती कशी आहे हे दादाला विचारू नका. तिच्यासमोर बसा, तिलाच विचारा, आणि तिचा शब्द पुरता बाहेर येईस्तोवर थांबा.